‘ही काही बँक नव्हे’

भाच्याचं गेमचं अकाउंट गेलं तेव्हा घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. मोबाइलवरचा खेळ. फुकट हत्यारं मिळवून देतो म्हणणारी एक लिंक मित्राच्या नावानं आली. हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पानावर त्यानं नाव आणि पासवर्ड टाकला, आणि सकाळी उठून बघतो तर दोन वर्षांची कमाई, म्हणजे त्याच्या पात्राचे कपडे आणि बंदुकांचे रंग, सगळं साफ. बहीण म्हणाली, बरं झालं, आता तरी पुस्तक उघडेल. मी त्याला विचारलं, “हाच पासवर्ड अजून कुठे कुठे आहे?” तर खांदे उडवत म्हणाला, “सगळीकडेच आहे मामा. पण ती काय बँक आहे का?”

पंधरा वर्षांच्या पोरानं असं म्हणावं यात नवल नाही. पण नेमकं हेच वाक्य एका मोठ्या साइटनं आपल्या खेळाडूंना सल्ला म्हणून लिहून दिलं होतं. लाइफबोट हे माइनक्राफ्ट या खेळाच्या मोबाइल आवृत्तीसाठी सर्व्हर चालवणारं नाव. नवख्यांसाठीच्या सूचनांमध्ये त्यांनी म्हटलं होतं, की पासवर्ड छोटा पण ओळखायला अवघड असा ठेवा, ही काही ऑनलाइन बँकिंग नव्हे. जानेवारी २०१६ मध्ये तिथून ७० लाखांहून जास्त खात्यांची माहिती चोरीला गेली. ई-मेल, वापरायचं नाव आणि पासवर्ड. पासवर्ड झाकलेले होते, पण इतक्या पातळ कापडानं की झाकले नसते तरी फार फरक पडला नसता. मंडळींनी गाजावाजा न करता पासवर्ड बदलायला लावले आणि चोरी झाल्याचं मात्र सांगितलं नाही. ते बाहेर आलं एप्रिलमध्ये, तेही चोरलेला साठा एका सुरक्षा-तज्ज्ञाच्या हाती लागला म्हणून. माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांत शाळकरी मुलांचा भरणा किती असतो हे वेगळं सांगायला नको.

आता ‘बँक नव्हे’ हे खरंच आहे. गेमर्सच्या एखाद्या कम्युनिटी साइटवर आपले पैसे नसतात. काय असतं? एक ई-मेल, एक टोपणनाव, जन्मतारीख, मित्रांची यादी, रात्री दोन वाजता कुणाला तरी लिहिलेले खासगी निरोप, आपण कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आलो त्याची नोंद, आणि पासवर्ड. चोराला यातलं पहिलं आणि शेवटचं पुरतं.

तो आत शिरतो कसा? बहुतेकदा कुलूप फोडून नाही, तर खिडकीवरच्या कारकुनाला गंडवून. पोस्टात मनिऑर्डरचा फॉर्म भरताय असं समजा. नावाच्या रकान्यात तुम्ही लिहिलंत, ‘रमेश, आणि जाता जाता तिजोरीही उघडा’. कारकून शहाणा असेल तर हसेल. पण तो डोळे मिटून फॉर्म मोठ्यानं वाचत असेल आणि ऐकेल ते करायचं असा शिपायाला हुकूम असेल, तर तिजोरी उघडलीच. साइटवरच्या शोधाच्या किंवा लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी डेटाबेसला कळणारी आज्ञा लिहायची, आणि साइटनं ती माहिती न समजता हुकूम समजून पुढे पाठवायची, याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ही युक्ती संगणकाच्या मानानं म्हातारी आहे आणि तिच्यावरचा उपाय प्रत्येक शिकाऊ प्रोग्रामरला शिकवतात. तरीही जुलै २०१६ मध्ये डोटा २ या खेळाच्या डेव्हलपर फोरमचा डेटाबेस असाच गेला, सुमारे १९ लाख खाती. कारण साधं होतं. वार्षिक उलाढाल अफाट असलेल्या खेळाच्या दारात गप्पांचा कट्टा चालवायला बाहेरून घेतलेलं तयार सॉफ्टवेअर होतं आणि त्याची आवृत्ती जुनी राहिली होती. पुढच्याच महिन्यात एपिक गेम्सच्या कट्ट्यांची आठेक लाख खाती गेली. तिथेही तेच सॉफ्टवेअर. मुख्य खेळाच्या सर्व्हरवर पहारा असतो. कट्टा कुणीतरी कधीतरी उभा करून दिलेला असतो आणि त्याच्याकडे बघायचं काम नेमकं कुणाचं, हे नंतर कुणालाच आठवत नाही. आपल्याकडच्या सोसायटीत मुख्य गेटवर वॉचमन आणि मागची भिंत पडलेली, तसं.

चोरीनंतर पासवर्डचं काय होतं, हे जरा सावकाश बघू, कारण साइट किती सुरक्षित आहे याचा खरा निकाल इथेच लागतो.

नीट बांधलेली साइट तुमचा पासवर्ड ठेवतच नाही. ती त्याचं पीठ ठेवते. ज्वारी गिरणीत घातली की पीठ येतं, पिठाची परत ज्वारी करता येत नाही. पण तीच ज्वारी, तीच गिरणी असेल तर पीठ दर वेळी तेच येणार. तुम्ही लॉगिन करताना दिलेला पासवर्ड साइट पुन्हा दळते आणि आधीच्या पिठाशी ताडून बघते. या दळणाला हॅश म्हणतात. एमडी५ नावाच्या जुन्या गिरणीत १२३४५६ हा पासवर्ड घातला की ‘ई१०एडीसी३९४९’ अशी सुरुवात असलेली ३२ अक्षरांची ओळ बाहेर पडते. जगात कुठेही, कुणीही दळलं तरी हीच. सुरक्षेच्या कामात मुरलेली माणसं ती ओळ बघूनच ओळखतात.

म्हणजे चोराला पीठ उलटं फिरवायची गरजच नाही. तो अंदाज दळत बसतो आणि कुठलं पीठ जुळतं ते बघतो. अंदाज कुठून आणायचे, हा प्रश्नही सुटलेला आहे. फेसबुक आणि मायस्पेससाठी छोटे खेळ आणि करमणुकीच्या गोष्टी बनवणाऱ्या रॉकयू या कंपनीतून डिसेंबर २००९ मध्ये ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. पीठ नाही, अख्खी ज्वारी! ते जसेच्या तसे, उघडे लिहून ठेवलेले होते. त्यात १२३४५६ लावणारे जवळजवळ २ लाख ९० हजार निघाले. आपण लोक पासवर्ड म्हणून काय काय लावतो याची ती जगातली पहिली मोठी जनगणनाच ठरली. सारखे सारखे काढून टाकून उरलेली सव्वा कोटीहून मोठी यादी आजही सुरक्षा तपासणाऱ्यांच्या हत्यारांत असते, आणि अर्थात दुसऱ्या बाजूच्या लोकांच्याही.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाच्या धान्यात वेगळं मीठ टाकून दळायचं. याला इंग्रजीतही ‘सॉल्ट’च म्हणतात. नाव ठेवणारा स्वयंपाकघरात वावरलेला असावा. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं, आणि चोराला प्रत्येक खात्यासाठी गिरणी नव्यानं चालवावी लागते. लाइफबोटनं हे मीठच टाकलं नव्हतं. डोटाच्या कट्ट्यावर मीठ होतं, पण गिरणी तीच एमडी५, आणि एमडी५चा दोष असा की ती फार भरभर दळते.

किती भरभर? इथे गंमत आहे. पासवर्ड फोडायला सगळ्यात कामी येतं ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेम गुळगुळीत चालावा म्हणून पोरं आईबापांच्या मागे लागून घेतात तेच. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे २०२२ साली आलेलं कार्ड सेकंदाला साधारण १६० अब्ज वेळा एमडी५ दळतं. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांचे जेवढे म्हणून पासवर्ड होऊ शकतात ते मोजले तर २०९ अब्जांच्या आसपास येतात. म्हणजे सगळे मिळून दीड सेकंदही नाही. उलट बीक्रिप्ट नावाची गिरणी मुद्दाम जड बनवलेली आहे. चाचणीसाठी ती अगदी हलकी करून ठेवली तरी त्याच कार्डाला सेकंदाला दोन लाखही दळता येत नाहीत, आणि तेच २०९ अब्ज संपवायला तेरा दिवस लागतात. साइट्स ती जेवढी जड ठेवतात तेवढी ठेवली तर वर्ष उलटून जातं. एका खात्यासाठी. तोच खेळाडू, तोच पासवर्ड, तीच चोरी. फरक एवढाच की साइट बांधणाऱ्यानं कुठली गिरणी निवडली. आणि हे बाहेरून दिसत नाही.

अजिबातच दिसत नाही असंही नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर बोट ठेवा. नवा ठरवायची लिंक आली तर ठीक. तुमचा जुना पासवर्डच ई-मेलमध्ये लिहून आला, तर तिथे ज्वारी पोत्यात उघडी आहे असं समजून चालू लागा. ‘पासवर्ड बारा अक्षरांपेक्षा मोठा नको’ असं बजावणाऱ्या साइटबद्दलही मला संशय येतो. पीठ नेहमी एकाच लांबीचं येतं, मग धान्य किती याची त्यांना एवढी काळजी का?

फुटलेल्या पासवर्डचं पुढे काय करतात? त्या खेळाच्या साइटवर कुणी फिरकतही नाही. ई-मेल आणि पासवर्डची ती जोडी यंत्राला दिली जाते आणि यंत्र ती शेकडो दुसऱ्या दारांना लावून बघतं. ई-मेल, खरेदीच्या साइट्स, मोठे गेम. बहुतेक दारं उघडत नाहीत. काही उघडतात, आणि धंद्याला तेवढी पुरतात. नोव्हेंबर २०१७ ते मार्च २०१९ या सतरा महिन्यांत गेमिंग साइट्सच्या दारांवर असे १२ अब्ज प्रयत्न झाल्याचं अकामाई या कंपनीनं मोजलं होतं. एप्रिल २०२० मध्ये, जग घरात बसून खेळत असताना, निन्टेन्डोनं १ लाख ६० हजार खात्यांत परक्यांनी शिरकाव केल्याचं कबूल केलं. जूनपर्यंत तो आकडा तीन लाखांवर गेला. कंपनीचं म्हणणं होतं, आमच्या सर्व्हरला धक्का लागलेला नाही, लॉगिनची माहिती दुसरीकडून मिळवलेली आहे. किल्ली दुसऱ्याच घरात हरवली होती.

भाच्याच्या प्रश्नाला हे अर्धं उत्तर झालं. ती बँक नाही, पण तिच्यात ठेवलेली किल्ली बँकेच्या दाराची असू शकते. उरलेलं अर्धं जास्त मजेशीर आहे. काही ठिकाणी ती खरोखरच बँक झाली.

स्टीम हे संगणकावरच्या खेळांचं सगळ्यात मोठं दुकान, आणि दुकानाइतकाच मोठा गप्पांचा, मित्रांचा, देवघेवीचा बाजार. २०११ च्या मार्चमध्ये त्याचे मालक गेब न्यूएल यांनी एक धाडस केलं. स्टीम गार्ड नावाची नवी सोय आणली. अनोळखी यंत्रावरून लॉगिन झालं की ई-मेलवर कोड मागायचा. तिच्यावर आपला किती भरवसा आहे हे दाखवायला त्यांनी स्वतःच्या खात्याचा पासवर्ड चारचौघांत जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या गप्पांच्या कट्ट्यात शिरून चोरांनी आतल्या डेटाबेसपर्यंत मजल मारली, आणि खेळाडूंना ते सांगणारं पत्रही न्यूएल यांनाच लिहावं लागलं. नावं, ई-मेल, पत्ते, मीठ घालून दळलेले पासवर्ड, कुलूपबंद केलेले कार्डनंबर, सगळं त्या डेटाबेसमध्ये होतं.

पण कलाटणी मिळाली ती वस्तूंमुळे. २०११ पासूनच खेळाडूंना आपापसात खेळातल्या वस्तू देता-घेता येऊ लागल्या होत्या. २०१३ मध्ये काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळात बंदुकांना रंगीत ‘स्किन’ आले. नेमबाजीत त्यांचा उपयोग शून्य, नुसती शोभा. पण दुर्मिळ स्किनला खऱ्या पैशांत गिऱ्हाईक मिळू लागलं आणि खातं म्हणजे तिजोरी झाली. डिसेंबर २०१५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं मोकळेपणानं लिहिलं, की दर महिन्याला ७७ हजार खाती हिसकावून लुटली जातात. देवघेव सुरू झाल्यापासून हा त्रास वीसपट वाढला होता. लुटले जाणारे भोळे-भाबडेच असतात ही समजूतही त्यांनी खोडून काढली. नावाजलेले व्यावसायिक खेळाडू आणि मुरलेले व्यापारी त्यात होते.

मग काय केलं? ज्याच्या फोनवर स्टीमचं पडताळणीचं अ‍ॅप नाही, त्याची वस्तू दुसऱ्याच्या हाती पडण्याआधी तीन दिवस अडवून ठेवायची. पुढच्या वर्षी ही मुदत पंधरा दिवस झाली. चेक टाकला की वटेपर्यंत थांबायचं, तसंच! बँक नव्हे म्हणता म्हणता बँकेचे सगळे रिवाज आले. खेळाडूंनी खूप कुरकुर केली. मला विचाराल तर या सगळ्या क्षेत्रात आजवर झालेला हा सगळ्यात शहाणपणाचा उपाय. चोराला घाई असते, आणि मुदत नेमकी त्या घाईलाच आडवी येते.

इथपर्यंत पासवर्डची गोष्ट झाली. अलीकडचा चोर पासवर्डच्या वाटेला जातोच असं नाही. वॉटर पार्कमध्ये तिकीट दाखवलं की मनगटाला पट्टी बांधतात, मग दिवसभर कुणी तिकीट विचारत नाही. साइटवर एकदा लॉगिन केलं, की ब्राउझरला अशीच एक पट्टी मिळते. रोज रोज पासवर्ड विचारला जात नाही तो तिच्यामुळे. ती पट्टी कापून नेली, की पासवर्ड नको आणि ओटीपीही नको. पट्टी चोरणारा प्रोग्राम घरात येतो तो गेमच्याच पिशवीतून. चीटकोड, फुकट गेम, ‘मी बनवलेला गेम खेळून बघ ना’ म्हणून मित्राच्या खात्यावरून आलेली फाइल. मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं.

जून २०२३ मध्ये तर खेळाडू ज्या साइट्सवर डोळे मिटून भरवसा ठेवत होते त्यांच्यामार्फतच हे घडलं. कर्सफोर्ज आणि बुकिट या माइनक्राफ्टच्या ‘मॉड’, म्हणजे खेळात भर घालणाऱ्या फाइल, वाटणाऱ्या जागा. तिथल्या काही खात्यांवरून मॉडमध्ये विष घालून चढवलं गेलं. फ्रॅक्चरायझर असं त्याला नाव पडलं. ते संगणकावरच्या इतर मॉडमध्ये स्वतःला पेरायचं, ब्राउझरमधल्या पट्ट्या आणि पासवर्ड उचलायचं, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपच्या आणि खेळाच्या लॉगिनच्या खुणा न्यायचं, वर कुणी क्रिप्टो चलन पाठवायला पत्ता कॉपी केला तर तो पत्ताच बदलायचं. ते उघडकीला आणून, त्याची चिरफाड करून, सफाईची साधनं लिहून वाटणारेही बरेचसे त्याच जगातले स्वयंसेवक होते. हेही सांगायला हवं. या मंडळींना आपण ‘दिवसभर गेम खेळतात’ म्हणून मोडीत काढतो.

साइट फुटणं हा अपघात असू शकतो. सांगायला वेळ लावणं हा निर्णय असतो. सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क एप्रिल २०११ मध्ये फुटलं. २० तारखेला कंपनीनं ते बंद केलं आणि वैयक्तिक माहिती गेल्याचं सांगितलं २६ तारखेला. सुमारे ७ कोटी ७० लाख खाती. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं २०१३ मध्ये अडीच लाख पौंड दंड केला, म्हणजे खात्यामागे एक पेनीभरही नाही म्हणा ना. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, ज्यांची माहिती गेली त्यांना कळवणं सक्तीचं आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. तोवर आपलं आपणच बघायचं.

भाच्यासोबत मी एक संध्याकाळ बसलो. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं २०१३ पासून चालवलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट उघडली. आपला ई-मेल कुठल्या चोरीत सापडला ते ती सांगते. पासवर्डही तपासता येतो, आणि तो तपासताना अख्खा पाठवलाच जात नाही. आपल्याच यंत्रावर त्याचं पीठ होतं आणि त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं जातात. पोराला हे फार आवडलं. त्याचा ई-मेल तीन ठिकाणी निघाला. त्यातल्या एका साइटवर आपण कधी गेलो होतो हेच त्याला आठवेना. “सहावीत असेन,” म्हणाला.

तर तुमच्याही घरात असा कुणी असेल, तर गेमच्या पासवर्डच्या आधी त्याचा ई-मेलचा पासवर्ड बदलून घ्या. बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पडतात. तो दुसरीकडे कुठेच वापरलेला नसावा, आणि कोड देणारं अ‍ॅप ई-मेललाच पहिलं जोडा. पट्टी चोरीला गेल्याची शंका असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आधी यंत्र साफ करून ‘सगळीकडून लॉग आउट’ करावं लागतं. सहावीतली ती विसरलेली खाती शोधून बंद करा. आणि खात्यासोबत पैसेही गेले असतील तर पोराला रागावण्यात तासभर घालवू नका, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा.